बावीस कॅरटची गाडी

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत कोइमतूर येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



या व्याख्यानमालेसाठी विषय कळवावा, असे कार्यवाहांनी सांगितले तेव्हा आम्ही ‘मोटारगाडी’ असे कळवले. कार्यवाह क्षणभर थबकले. पस्तीस वर्षे केंद्र सरकारच्या फायलींत घालवलेला, इतिहास घेऊन बी. ए. झालेला मनुष्य फार तर निवृत्तिवेतनाच्या नियमांवर बोलेल, नाही तर मराठ्यांच्या दक्षिण दिग्विजयावर, अशी त्यांची अटकळ असावी. ती चुकीची होती असे नाही. परंतु गेल्या काही वर्षांत एका लाल रंगाच्या, दोन दारांच्या मोटारीने आम्हांला जे शिकवले, ते आपणांपुढे ठेवावे असे मनाने घेतले. आपल्यापैकी बहुतेकांची मुले दूरदेशी आहेत. आपण घरापासून दूर आलो, आणि ती आपल्यापासून दूर गेली. तेव्हा हा विषय आमच्या एकट्याच्या घरचा नव्हे.

आमची धाकटी कन्या संगणकक्षेत्रात नोकरीस असून तोक्यो शहराच्या एदोगावा भागात राहते. त्या भागात भारतीय कुटुंबे पुष्कळ आहेत. मार्च २०२३ मध्ये तिचा फोन आला, ‘बाबा, मी गाडी घेतली.’ आम्हांला आनंद झाला. पुढे कळले की गाडी जुनी, २०१४ सालची आहे, आणि तिला दोनच दारे आहेत. आम्ही विचारले, ‘अगं, मग माणसे बसायची कुठे?’ ती म्हणाली, ‘मागे जागा आहे की, पण ती टायर ठेवायला लागते.’ ही गाडी ती रोजच्या कामाला वापरणार, आणि महिन्या-दोन महिन्यांतून एकदा शर्यतीच्या ट्रॅकवर नेणार, असा तिचा बेत होता. शिवाय त्यासाठी ती गाडीत फेरफारही करणार होती.

‘फेरफार’ हा शब्द आमच्या खात्यात बरा समजला जात नाही. मंजूर नकाशात फेरफार, नोंदवहीत फेरफार, याचा अर्थ चौकशी. घरासाठी साठवावेत ते पैसे ही मुलगी नादात घालवते आहे, आणि जीवही धोक्यात घालते आहे, असे आमचे ठाम मत झाले. ते आम्ही कडक शब्दांत सांगितले आणि फोन आमच्या सौभाग्यवतींच्या हाती दिला. तो गणपतीपर्यंत पुन्हा स्वतःच्या हाती घेतला नाही. सहा महिने मायलेकी बोलत, आणि आम्ही पलीकडच्या खोलीत वर्तमानपत्र वाचत असू. हे सांगण्यात भूषण नाही. पण पुढच्या गोष्टीला ते आवश्यक आहे.

आता ती गाडी कोणती, ते सांगतो. टोयोटा आणि सुबारू या दोन जपानी कंपन्यांनी मिळून २०१२ साली एक छोटी कूपे बाजारात आणली. टोयोटाने तिला ‘८६’ असे नाव दिले. हे नाव एका जुन्या गाडीच्या आठवणीने दिलेले आहे. १९८३ ते १९८७ या काळात टोयोटाची कोरोला लेव्हिन व स्प्रिंटर ट्रुएनो ही जोडी निघत असे, तिचा कारखान्यातला संकेत एई ८६ असा होता. गाडी साधी, हलकी, मागच्या चाकांनी ढकलली जाणारी आणि तरुणांच्या खिशाला परवडणारी. १९९५ पासून जपानमध्ये गाजलेल्या ‘इनिशियल डी’ या चित्रमालिकेचा नायक टोफूच्या दुकानदाराचा मुलगा आहे. तो याच गाडीतून पहाटे टोफू पोहोचवतो आणि त्याच घाटरस्त्यावर भल्याभल्यांना मागे टाकतो. पोटापाण्याची गाडी आणि पराक्रमाची गाडी एकच, ही कल्पना त्या देशात अशी लोकांच्या मनात रुजलेली आहे.

नव्या ८६ चे इंजिन दोन लिटरचे, सिलिंडर आडवे पडलेले, शक्ती सुमारे दोनशे अश्वशक्ती. आडव्या इंजिनामुळे गाडीचे वजन जमिनीलगत राहते. एकूण वजन साडेबाराशे किलोच्या आत-बाहेर. कंपनीने तिला मुद्दाम फार चिकट टायर दिले नाहीत. प्रियस या बचतीसाठी प्रसिद्ध असलेल्या गाडीला जे टायर येत, त्याच जातीचे टायर हिला होते. गाडी थोड्या वेगातच घसरू लागावी आणि ती कशी घसरते, कशी सावरते, हे चालवणाऱ्याला कळावे, हा त्यामागचा हेतू. मागच्या बैठका दुमडल्या की तेथे चार टायर मावतात. ट्रॅकवर जाणाऱ्या माणसाने चार टायर बरोबर न्यावेत, तेथे बदलावेत, आणि संध्याकाळी घरचे टायर लावून परत यावे, अशी सोयच निर्मात्यांनी करून ठेवली होती. तेव्हा कन्येचे ‘टायर ठेवायला जागा’ हे उत्तर अगदीच उद्धटपणाचे नव्हते, हे आम्हांला फार उशिरा कळले.

नोव्हेंबर २०२४ मध्ये अर्जित रजा आणि परदेशगमनाची परवानगी घेऊन आम्ही उभयता तोक्योस गेलो. कन्येचे बिऱ्हाड लहान. पलंगाखाली कापडात गुंडाळलेले, चिठ्ठ्या लावलेले लोखंडी सामान होते. सौभाग्यवतींच्या पायाला ठेच लागली तेव्हा त्याचा शोध लागला. ते गाडीचे मूळ शॉक ॲब्सॉर्बर होते. ‘काढलेला प्रत्येक भाग जपून ठेवायचा, म्हणजे गाडी केव्हाही पूर्ववत करता येते,’ असे कन्येने सांगितले. शेजारीच एक जाड वही होती. फायलीच्या माणसाला वही दिसली की हात आवरत नाही. आम्ही ती उघडली.

वही उत्तम ठेवली होती. तारीख, हवामान, टायरमधील हवा, फेरीची वेळ, काय बदलले, किती खर्च, सर्व काही मराठीत. चाळता चाळता २० मे २०२३ च्या पानावर आलो. तेथे लिहिले होते : ‘मागच्या सरळ पट्ट्याच्या शेवटी ब्रेकचे पेडल पूर्ण खाली गेले. गिअर खाली आणून वळवली. गाडी खडीत जाऊन थांबली. टायरांची भिंत दोन हातांवर. मला काही लागले नाही. ब्रेक ऑइल जुने होते, तपासले नव्हते. सायलेन्सर आधी घेतला, ही चूक.’ आणि त्याखाली वेगळी ओळ : ‘आईला सांगायचे नाही. बाबा बोलतच नाहीत.’

मंडळी, आम्ही अनेक चौकशी अहवाल वाचले आणि लिहिले. दोष कोणाचा, हे इतक्या थोड्या शब्दांत कोणी नोंदवलेले आमच्या पाहण्यात नाही. यातला पहिला दोष तिचा होता, आणि तो तिने स्वतःच कबूल केला होता. शेवटच्या ओळीतला दोष आमचा होता. ज्या दिवशी तिला कोणाला तरी सांगावेसे वाटले, त्या दिवशी आम्ही पलीकडच्या खोलीत वर्तमानपत्र वाचत होतो.

त्या रात्री आम्ही तिला इतकेच विचारले, ‘पेडल खाली का गेले, ते मला समजावून सांग.’ तिने जे सांगितले, ते आपल्या तरुणांच्या उपयोगी पडेल म्हणून येथे देतो.

ब्रेक म्हणजे वेगाची उष्णता करणारे यंत्र होय. वेग तिप्पट झाला की ही उष्णता नऊपट होते. पन्नासच्या वेगाची गाडी थांबवणे आणि दीडशेच्या वेगाची थांबवणे यांत नऊपट अंतर आहे. आणि ट्रॅकवर हे फेरीमागून फेरी घडते, मध्ये थंड व्हायला उसंत नाही. पेडलचा दाब चाकापर्यंत नेणारे ब्रेक ऑइल हवेतले पाणी शोषून घेते. ‘डॉट ४’ प्रकारच्या नव्या तेलाचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सियस असतो, आणि पाणी मुरलेल्या तेलासाठी हीच मर्यादा १५५ अंशांवर येते. तेल उकळले की वाफेचे बुडबुडे होतात. तेल दाबले जात नाही, वाफ दाबली जाते. म्हणून पाय खाली जातो आणि गाडी जात राहते. शहरात ज्या ब्रेकने वर्षानुवर्षे तक्रार केली नाही, तोच ब्रेक ट्रॅकवर पाचव्या फेरीत दगा देतो, याचे कारण हे.

त्या प्रसंगानंतर तिने तो आवाजाचा सायलेन्सर विकून टाकला आणि फेरफारांचा क्रम नव्याने लावला. पहिली दुरुस्ती गाडीची नव्हे, चालवणाऱ्याची. शिक्षकाला शेजारी बसवून, गाडी आहे तशीच ठेवून, नजर कोठे असावी आणि ब्रेक कधी सोडावा हे शिकणे. दुसरा क्रमांक ब्रेकचा : उच्च उत्कलनबिंदूचे ताजे तेल आणि अधिक उष्णता सोसणारे पॅड. तिसरा टायरांचा : ट्रॅकसाठी चाकांसह वेगळा संच. चौथा चाकांच्या कोनाचा. या गाडीची पुढची चाके कारखान्यातून जवळजवळ उभी येतात, त्यामुळे वळणावर टायरची बाहेरची कडच झिजते. वरची बाजू दोनेक अंश आत कलवली की टायर पूर्ण टेकतो. त्याबरोबर थोडे ताठ शॉक ॲब्सॉर्बर. पाचवा इंजिनाचे तेल थंड ठेवणाऱ्या कूलरचा, आणि तोही थंडीत तेल आपोआप वगळणारा, कारण रोजच्या लहान फेरीत तेल गरमच झाले नाही तर तेही इंजिनाला बरे नव्हे. इंजिनाचा क्रमांक सर्वांत शेवटचा. त्याला तिने आजतागायत हात लावलेला नाही.

याहून महत्त्वाची आम्हांला वाटली ती न केलेल्या गोष्टींची यादी. खऱ्या शर्यतीचे पॅड तिने घेतले नाहीत. ते तापल्याशिवाय धरत नाहीत, आणि थंडीच्या सकाळी पहिल्याच सिग्नलला रस्ता ओलांडणारे मूल ते तापण्याची वाट पाहत नाही. गाडीच्या आत लोखंडी पिंजरा बसवला नाही. हेल्मेट घातलेल्या डोक्याचे तो रक्षण करतो, परंतु रस्त्यावर उघड्या डोक्याजवळची लोखंडी नळी हाच धोका होतो. मागची बैठक आणि एअर कंडिशनर काढून वजन कमी करणारे लोक आहेत. तिने ते काढले नाहीत. ‘आई येणार होती ना,’ असे ती म्हणाली. आणि खरोखरच त्या मागच्या बैठकीवर तिरक्या बसून सौभाग्यवतींनी भाजीबाजाराच्या चार फेऱ्या केल्या. ताठ शॉक ॲब्सॉर्बरचा निषेध त्यांनी वेळोवेळी नोंदवला, आणि कन्येने ते दोन घरे मऊ केले.

हे ऐकताना आम्हांला आपल्याच सभासदांची आठवण झाली. विटा, खानापूर, आटपाडीकडून येऊन गलाईच्या धंद्यात उभे राहिलेली कुटुंबे या सभागृहात आहेत. त्यांना आम्ही काय सांगावे? चोवीस कॅरटचे सोने शुद्ध खरे, पण मऊ. त्याची बांगडी रोज हातात टिकत नाही. रोज वापरायच्या दागिन्यात तांबे-चांदीची थोडी भर घालून ते बावीस कॅरटवर आणावे लागते. शुद्ध शर्यतीची गाडी म्हणजे चोवीस कॅरट. ती ट्रकवर लादून मैदानात न्यावी आणि ट्रकवरच परत आणावी. जी गाडी सोमवारी कचेरीत न्यायची आहे, तिच्यात थोडी भर राहू द्यावीच लागते. किती, हे ठरवणे हीच त्यातली कारागिरी.

आणखी एक गोष्ट आमच्या सरकारी मनाला फार रुचली. जपानमध्ये खाजगी गाडीची सक्तीची तपासणी नवी असताना तीन वर्षांनी आणि पुढे दर दोन वर्षांनी होते. तेथे ब्रेक, दिवे, धूर, आवाज सारे पाहतात. गाडीची जमिनीपासूनची उंची नऊ सेंटिमीटरपेक्षा कमी चालत नाही. कन्येचा प्रत्येक फेरफार या तपासणीत बसणारा होता. ज्याला आम्ही नियमभंग समजत होतो, तो आमच्यापेक्षाही काटेकोरपणे नियमात बसवलेला होता.

त्या महिन्यातल्या एका शनिवारी पहाटे चार वाजता मागच्या बैठकीच्या जागी चार टायर, जॅक, पाना आणि सौभाग्यवतींच्या दशम्यांचा डबा घेऊन आम्ही बापलेक इबाराकी प्रांतातल्या त्सुकुबा सर्किटला निघालो. हे सर्किट १९७० सालचे, लांबी २,०४५ मीटर, म्हणजे आपल्या चेट्टिपाळयमच्या करी मोटर स्पीडवेएवढेच जवळजवळ. थंडी होती, आकाश निरभ्र होते. आमच्याकडे काम होते : हातात गेज आणि वही. सकाळी थंड टायरमध्ये तीस पौंड हवा. चार फेऱ्या मारून गाडी परत आली तेव्हा छत्तीस. हवा तापून वाढते, म्हणून ती कमी भरून सुरुवात करायची आणि गरम टायरवर बेतायची, हे आम्ही तेथे शिकलो. प्रत्येक खेपेला चारही चाकांचे आकडे आम्ही लिहिले, आणि कोणी न सांगता आणखी एक रकाना आखला : ‘ब्रेकचे पेडल’. गाडी थांबली की काच खाली करून ती सांगे, ‘बाबा, पेडल घट्ट आहे,’ आणि आम्ही ‘घट्ट’ असे लिहीत असू.

मागच्या सरळ पट्ट्यावर ती लाल गाडी दिसे, शेवटच्या वळणापाशी तिचे ब्रेकचे दिवे लागत, आणि ते लागेपर्यंत आमचा श्वास अडकलेला असे. भीती गेली असे आम्ही म्हणणार नाही. ती आजही आहे. फरक इतकाच, की आता ती आम्ही पलीकडच्या खोलीत बसून बाळगत नाही. त्या दिवशीची तिची उत्तम फेरी एक मिनिट अकरा सेकंदांची झाली. पहिल्या वर्षी ती एक मिनिट अठरा होती. आम्ही विचारले, ‘सात सेकंद कशाने कमी झाले?’ ती म्हणाली, ‘चार माझे, तीन गाडीचे.’ संध्याकाळी घरचे टायर चढवून आम्ही निघालो. द्रुतगती मार्गावर आम्हांला झोप लागली, ती घर आल्यावरच उतरली. शर्यतीच्या गाडीत म्हाताऱ्या बापाला झोप लागावी, याहून मोठे प्रमाणपत्र त्या फेरफारांना दुसरे कोणते द्यावे?

आता थोडे आपल्या गावाबद्दल. या कोइमतूरने देशाला मोटारशर्यतींचा नाद लावला. करिवर्धन यांनी मारुती ८०० च्या इंजिनावर स्वस्त शर्यतीची गाडी बांधून सामान्य मुलांना मैदानात आणले. १९९५ मध्ये त्यांचे अपघाती निधन झाले. पुढे चेट्टिपाळयमच्या ट्रॅकला त्यांचे नाव दिले गेले. २००५ मध्ये फॉर्म्युला वनमध्ये उतरलेले पहिले भारतीय नरेन कार्तिकेयन याच गावचे. श्रीपेरुंबुदूरजवळ इरुंगाट्टुकोट्टै येथे १९९० पासून ट्रॅक आहे, दिल्लीजवळ २०११ पासून आहे. इतके असूनही रात्री अविनाशी रोडवर आपलीच काही मुले कानठळ्या बसवणारे सायलेन्सर लावून पळतात, ब्रेक मात्र तेच ठेवून. आमच्या कन्येची पहिली चूकही नेमकी हीच होती. तिला खडी मिळाली, रस्त्यावर खडी नसते.

कायद्याचेही सांगतो, कारण ते आमचे कर्तव्य आहे. मोटार वाहन अधिनियम १९८८, कलम ५२ अन्वये नोंदणीपत्रातील तपशील निर्मात्याने मूळ नमूद केलेल्या तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये यावर स्पष्ट निर्णय दिला आहे. त्याच प्रकारच्या टायरचा चांगला संच, ताजे ब्रेक ऑइल, नीट केलेले अलाइनमेंट यांना आडकाठी येत नाही. दुसरे इंजिन आणि कापलेला सांगाडा यांना येते. आपल्याकडचा मोटारविमा शर्यत किंवा वेगचाचणीतले नुकसान भरून देत नाही, हेही ट्रॅकवर जाण्यापूर्वी जाणून असावे.

पालकांना मात्र आमची एकच विनंती आहे. मुलांचा नाद आपल्याला कळला नाही तर चालेल, पण त्याची वही आपल्याला दाखवावीशी वाटेल इतके तरी बोलणे चालू ठेवावे. आम्ही परतण्याच्या आदल्या रात्री कन्येने ती वही पुढे केली आणि त्या शनिवारच्या पानावर सही मागितली. ‘नोंदी तुमच्या आहेत ना,’ म्हणाली. आम्ही नावापुढे तारीख घातली, आणि सवयीने ‘तपासले, बरोबर आहे’ असे लिहून गेलो.